मंजू माई की पार्वती?

मुंबई,
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ऐन दिवाळीत आलं. पाकीट उघडलं तर पहिल्या ओळीपासून नुसता गुलाल! अहमदाबादच्या फिल्मफेअर सोहळ्यात 'लापता लेडीज'ला १३ पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री आपली छाया कदम ठरली, म्हणजे गेलं वर्षभर आपण जे भांडतोय त्याचा निकाल लागला, असं तू परस्पर जाहीर करून टाकलंस. छाया कदमला पुरस्कार मिळाला याचा आनंद मला तुझ्याइतकाच झाला आहे. पण निकाल? निकाल कसला लागला रे? तिला पुरस्कार मिळाला तो 'लापता'मधल्या मंजू माईसाठी. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच आहे. त्याच वर्षी, त्याच बाईनं, पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये पार्वती केली आणि ती मंजू माईहून मोठी आहे. तेव्हा आता चहा घेऊन बस आणि माझी बाजू शेवटपर्यंत वाच.

मंजू माईबद्दल तू जे लिहिलं आहेस त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. स्टेशनावरचा तो चहाचा ठेला, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढून एकटीनं उभं राहिलेली ती बाई, हरवलेल्या नव्या नवरीला, फूलला, जवळ करताना आवाजात जराही गोडवा न आणणारी. आशीर्वादसुद्धा खेकसून देते. तुझ्या आईनं तो चित्रपट दोनदा पाहिला आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंना घेऊन बसली, हे तू मुद्दाम लिहिलंस. ते वाचून मला फार बरं वाटलं. किरण राव यांनी एवढा अवघड विषय घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हसत पाहावा असा मांडला, हे मोठंच काम आहे.

पण मंजू माई आपल्याला भेटते तेव्हा तिची लढाई संपलेली असते. ती जिंकलेली आहे. आता ती इतरांना शहाणपण देऊ शकते, आणि लेखकानं तिला टाळ्यांची वाक्यं भरभरून दिली आहेत. पार्वतीच्या हातात काय आहे? हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी विधवा बाई. इतकी वर्षं ज्या खोलीत राहिली ती खोली बिल्डरला हवी आहे आणि तिच्याकडे तिथं राहत असल्याचा एक कागद नाही. नवरा गेला, आणि कागदांचं काय ते त्याच्याबरोबरच गेलं. त्याच हॉस्पिटलातली नर्स प्रभा तिला वकिलाकडे घेऊन जाते तेव्हा छाया कदमचा चेहरा बघ. ती रडत नाही, चिडतही नाही. ज्या बाईला आयुष्यभर कुणी कागद दाखवला नाही तिला आज कागद विचारतात, आणि ती नुसती बघत राहते. त्या बघण्याला कुठलं वाक्य दिलेलं नाही, आणि म्हणूनच ते करायला जास्त अवघड आहे.

तुला माझी लालबागची आत्या आठवत असेल, आपण शिकत असताना तिच्याकडे दोन-तीनदा जेवायला गेलो होतो. काका मिलमधले. भाडेपावती काकांच्या नावावर. काका गेल्यावर पावती आपल्या नावावर करून घ्यायची असते हे तिला कुणी सांगितलंच नाही. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा बिल्डरच्या माणसानं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमचं नाव कुठं आहे? त्या खोलीत तिनं तीन मुलं वाढवली, गावाहून आलेल्या किती चाकरमान्यांना आसरा दिला, आणि नाव नाही. शेवटी चुलतभावांनी धावपळ केली आणि खोली राहिली. पार्वतीच्या मागे धावपळ करणारं कुणी नव्हतं. अंधारात ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातीवर दगड मारतात ना, त्या वेळी मी थिएटरात ताठ उठून बसले होते.

आता तुझा दुसरा मुद्दा. फिल्म फेडरेशनच्या निवड समितीनं सप्टेंबर २०२४ मध्ये २९ चित्रपटांतून 'लापता लेडीज' भारताकडून ऑस्करसाठी निवडला, आणि समितीचं मत असं पडलं म्हणे की पायल कपाडियाचा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपियन चित्रपट पाहिल्यासारखं वाटलं. तू पत्रात हेच वाक्य घोळवून लिहिलं आहेस. १३ जणांची ती समिती, त्यात एकही बाई नव्हती. ते असो. पण युरोपियन? पैसा काही अंशी फ्रान्सचा आहे, हे खरं. बाकी काय युरोपियन आहे? दिग्दर्शिका पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकली, म्हणजे प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत. मल्याळी नर्सेस मुंबईत येऊन खोली भाड्यानं घेऊन राहतात, एकमेकींशी मल्याळममध्ये बोलतात, हॉस्पिटलात हिंदीत बोलतात, आणि पार्वती मराठीत. आपल्या मुंबईत दुसरं काय चालतं? आणि शहरानं बाहेर काढलं की माणूस कुठं जातो? गावाला. पार्वती रत्नागिरीला परत जाते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली किती घरं याच वाटेनं परत गेली. हा प्रवास कोकणातल्या कुठल्याही घराला विचार, तोंडपाठ सांगतील.

उत्तरार्ध तुला झोपाळू वाटला. तुझ्याबरोबरचे दोघं मध्येच उठून गेले, असंही लिहिलंस. अरे, कोकणातली दुपार तशीच असते! वीज नसलेलं घर, समोर समुद्र, काही कामच नाही. मुंबईत त्या तिघींना श्वास घ्यायला सवड नव्हती, आणि तिथं आल्यावर सवडच सवड. प्रभाबरोबर राहणारी नर्स अनू आणि पार्वती पिऊन नाचतात तो प्रसंग तू साफ गाळलास. घर गेलेली बाई नाचते आहे आणि छाया कदम त्यात दुःखाचा एक थेंबही मिसळत नाही. खरोखर नाचते. मंजू माईला असा एक प्रसंग कुणी दिला असता तर तूच डोक्यावर घेऊन फिरला असतास.

आणि समुद्रातून वर काढलेला तो माणूस! तुझा सगळा राग त्याच्यावर. प्रभा त्याचा जीव वाचवते, गावातल्या म्हाताऱ्या बाईला तो तिचाच नवरा वाटतो, आणि मग एकांतात तो जर्मनीला गेलेल्या तिच्या नवऱ्यासारखा बोलू लागतो. 'हे सगळं परदेशी महोत्सवांसाठी,' असं तुझं वाक्य. इथं मात्र मी तुला सोडणार नाही. माझं गाव राजापूरच्या बाजूला आहे. शिमग्यात आमच्याकडे रात्री नमन होतं, म्हणजे गावकऱ्यांचं लोकनाट्य. दिवसा ज्याला आपण शेतात बघितलेलं असतं तो रात्री कृष्ण होऊन येतो आणि म्हाताऱ्या बायका त्याला हात जोडतात. त्यातला राक्षस, संकासूर, अंगणात आला की पोरं खरोखर घाबरून पळतात, जरी मुखवट्याच्या आत कोण आहे ते त्यांना ठाऊक असलं तरी. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस येऊन बोलतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून आपलं उत्तर मिळतं, हे आमच्या मातीत जुनंच आहे. प्रभा त्या माणसाला जे सांगते ते तिला नवऱ्याला फोनवर कधी सांगता आलं नसतं. तो प्रसंग मला त्या चित्रपटातला सगळ्यात अस्सल कोकणी वाटतो. दिग्दर्शिकेच्या मनात नमन होतं असं मी म्हणत नाही, पण मला तो प्रसंग परका वाटला नाही, आणि माझ्या आईला तर मुळीच नाही.

तुझंच तुला आठवण करून देते. २०१५ साली अमोल पालेकरांच्या समितीनं ऑस्करसाठी 'कोर्ट' निवडला तेव्हा तू मला रात्री अकरा वाजता फोन केला होतास. तेव्हा लोक म्हणत होते, कॅमेरा हलत नाही, काही घडत नाही. आणि तू काय म्हणायचास? गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टात शाहिराला तुरुंगात डांबायची मागणी करते, मग लोकलमध्ये बसून घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, आणि हीच त्या चित्रपटातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे. मला ते तू शिकवलंस. वीरा साथीदारांचा तो शाहीर, नारायण कांबळे, पुन्हा पुन्हा त्याच कठड्यात येऊन उभा राहतो, त्यात तुला अख्खी व्यवस्था दिसली. मग 'कोर्ट'मधली लोकल तुला चालते आणि प्रभाची लोकल का चालत नाही? दोन्हीकडे दिवसभराचं काम करून थकलेली बाईच तर घरी चालली आहे.

ऑस्करच्या एकाच चित्रपटाच्या नियमानंच आपल्याला भांडायला लावलं आहे. एका देशानं एकच चित्रपट पाठवायचा. त्यामुळे शेजारी शेजारी बसून पाहण्यासारख्या दोन चित्रपटांना एकमेकांसमोर उभं करावं लागतं. फ्रान्सकडेही पायलचा चित्रपट यादीत होता, त्यांनी 'एमिलिया पेरेझ' पाठवला. ब्रिटननं संध्या सुरी यांचा 'संतोष' पाठवला, म्हणजे उत्तर भारतातल्या एका महिला हवालदाराची हिंदी गोष्ट, आणि तो शेवटच्या १५ मध्ये पोहोचला. 'लापता' पोहोचला नाही. अखेर जिंकला ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर'. कान महोत्सवातलं ग्राँ प्री आणि पायलचं दिग्दर्शनासाठीचं गोल्डन ग्लोब नामांकन ही माझ्या बाजूची शिदोरी आहे, तुझ्याकडे आता १३ फिल्मफेअर आहेत. पैज मात्र दोघांचीही फसली. तुला 'लापता' पहिल्या पाचात दिसत होता, मला वाटत होतं की पायलचा पाठवला असता तर नक्की गेला असता, आणि माझं म्हणणं कुणी ताडून बघूच शकत नाही. त्यामुळे मिसळीचे पैसे निम्मे-निम्मे.

'श्वास'च्या वेळी आपण इतके भांडलो नव्हतो, नाही का? २००४ साली तर सगळा महाराष्ट्रच एका बाजूला होता. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं, ऑस्करच्या प्रचाराला निर्मात्यांकडे पैसे नव्हते, आणि शाळकरी पोरांपासून सगळे मदत गोळा करत होते. आपणही कॉलेजात डबा फिरवला. भांडण एवढंच होतं की अरुण नलावडेंचा आजोबा मोठा की संदीप कुलकर्णींचा डॉक्टर. तू डॉक्टरच्या बाजूनं होतास, आणि अजून आहेस हे मला माहीत आहे. ऑपरेशनच्या आधी नातवाला हॉस्पिटलातून बाहेर नेऊन जग दाखवणारा आजोबा सोडून कुणाला डॉक्टर का आवडावा, हे मला आजही उमगलेलं नाही. पण ते पुन्हा कधीतरी.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून मी लिहिते. कानला जाताना छाया कदमनं दिवंगत आईची साडी नेसली होती आणि आईचीच नथ घातली होती. तो फोटो मी कपाटाच्या आतल्या बाजूला लावला आहे. मंजू माई आवडो की पार्वती, त्या फोटोवर आपलं दोघांचं एकमत असणार, याची मला खात्री आहे.

यंदा ऑस्करला नीरज घेवान यांचा 'होमबाऊंड' जातोय. तू पाहिला नसशील आणि तुझ्याकडे अजून लागलेला असला, तर आधी जाऊन ये. टाळेबंदीत घरी निघालेल्या दोन मित्रांची गोष्ट आहे. मी पाहून आले, पण मत आत्ता सांगत नाही, नाहीतर तू माझ्या विरुद्ध बाजूनं जाऊन बसशील. तुझं मत लिहून पाठव, मग माझं कळवते.

आणि पुढच्या पत्रात मला एक यादी हवी आहे. छाया कदमच्या भूमिका, वरून खाली. माझी आत्ताच लिहून टाकते: पार्वती पहिली, 'फँड्री'तली जब्याची आई दुसरी, 'सैराट'मध्ये त्या दोघांना आसरा देणारी आक्का तिसरी, मंजू माई चौथी. आता तुझी येऊ दे. 'फँड्री'तली आई तू पहिल्या तिनात ठेवली नाहीस तर पुढचं पत्र आठ पानांचं येईल, ही सूचना समज.

आईंना माझा नमस्कार सांग. वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी मैत्रीण