दारू, जनुके आणि स्वादुपिंड

मा. संपादक,
स. न.

दारूच्या दुष्परिणामांची चर्चा निघाली की ‘अमुक गृहस्थ जन्मभर प्यायले, त्यांना कुठे काय झाले?’ असा प्रश्न हटकून विचारला जातो. स्वादुपिंडापुरते पाहिले तर तो अगदीच निराधार नाही, कारण वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्यांपैकी शंभरात पाचजणांनाही स्वादुपिंडाचा दाह होत नाही (यकृताचा हिशेब वेगळा). मात्र या वस्तुस्थितीतून काढला जाणारा ‘म्हणजे पिण्यात धोका नाही’ हा निष्कर्ष घातक आहे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्लॉडिन-२ या प्रथिनाच्या जनुकाजवळील एका बदलाचा दारूमुळे होणाऱ्या दाहाशी संबंध आढळला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे ते गुणसूत्र एकच असल्याने सदोष प्रत वाट्याला आली की तिची उणीव भरून काढणारी दुसरी प्रत त्याच्याकडे नसते. स्त्रीला मात्र धोका प्रामुख्याने दोन्ही प्रती सदोष असतील तेव्हाच असतो. पुरुषांत हा आजार अधिक का, याचे कारण केवळ त्यांच्या पिण्यात शोधून भागणार नाही, ते यामुळे.

तरीही त्या अभ्यासानुसार हा बदल सुमारे चारपैकी एका पुरुषात असतो आणि त्यांतील बहुसंख्य आयुष्यभर निरोगी राहतात. म्हणजे एकटे जनुक आजार घडवत नाही. दारू आणि तिच्या जोडीला धूम्रपान असले की ते घात करते. शिवाय धोका वाढवणारी जनुके एकापेक्षा अधिक असल्याने, एखादी चाचणी ‘निर्दोष’ आली म्हणजे पिण्याचा परवाना मिळाला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

याला दुसरीही बाजू आहे. ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला स्वादुपिंडातच आवर घालणाऱ्या स्पिंक-१ जनुकातील दोष भारतात दारूला कधीही न शिवलेल्या अनेक तरुण रुग्णांत आढळला आहे. अशा रुग्णांकडे नातेवाईक, आणि कधीकधी डॉक्टरही, संशयाने पाहतात, हे अन्यायाचे आहे.

जे दारूमुळेच आजारी पडले, त्यांच्यासाठी जनुकीय चाचणीपेक्षा उपयुक्त उपाय फिनलंडमधील २००९ च्या एका अभ्यासाने दाखवला. दाहाच्या पहिल्या झटक्यानंतर परिचारिकांनी दर सहा महिन्यांनी रुग्णाशी दारूविषयी बोलणे चालू ठेवले, तेव्हा पुढील दोन वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण एकदाच समज दिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी राहिले. आपल्या जिल्हा रुग्णालयांत ही पद्धत सुरू करण्यास महागडी यंत्रसामग्री लागणार नाही. आरोग्य विभागाने तिचा विचार करावा.

— एक वाचक, सांगली