आठवड्यातून एक तास म्हणजे रोजगार?

नायजेरियाच्या आर्थिक सुधारणांवरील आपल्या लेखात तेथील बेरोजगारी अवघी चार-पाच टक्के असल्याचे म्हटले आहे, त्यास माझा आक्षेप आहे. 2020 च्या अखेरीस हाच अधिकृत दर 33.3 टक्के होता. 2023 च्या पहिल्या तिमाहीत तो 4.1 टक्के झाला, तो मुख्यतः मोजणीची पद्धत बदलल्यामुळे, कारण आता आठवड्यातून वीस तासांऐवजी एक तास काम करणाराही रोजगारात धरला जातो. ही पद्धत आंतरराष्ट्रीय निकषांना धरून आहे हे मान्य. परंतु पदवी आणि राष्ट्रीय युवा सेवेचे सक्तीचे वर्ष पूर्ण करून लागोसमध्ये दुचाकीवरून अधूनमधून पार्सले पोहोचवणारा तरुण तिच्यात बेरोजगार दिसतच नाही. मे 2023 मध्ये इंधन अनुदान बंद होताच पेट्रोल लिटरमागे 200 नायराच्या आतून 500 च्या आसपास गेले, तेव्हा त्याची तुटपुंजी मिळकत इंधनातच जाऊ लागली. ब्रिटन वा कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे साठवणाऱ्या या पिढीला देशाविषयी उदासीन म्हणणे तर अन्यायाचेच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये महागाईविरोधात तीच रस्त्यावर उतरली होती. काम किती तास मिळते आणि त्यात घर चालते का, याचा विचार लेखात व्हायला हवा होता.

– एक वाचक, नाशिक