पिरेअसला पोचलो, तरी जहाज दूरच

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. बेटांचे वर्णन त्यात सविस्तर आहे. परंतु तेथे जायचे कसे, याविषयी ‘अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून फेरी मिळते’ एवढ्या एकाच वाक्यावर लेखकाने भागवले आहे. गेल्या वर्षी जून महिन्यात मी आणि माझी पत्नी अशाच एका वाक्याच्या भरवशावर त्या बंदरात उतरलो होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बंदर म्हटले की एक धक्का, एक इमारत आणि एक तिकीट खिडकी असे चित्र आपल्या मनात असते. पिरेअसचे मुख्य बंदर म्हणजे शहराच्या पोटात शिरलेली एक मोठी खाडी आहे आणि तिच्या काठाने ई-1 पासून ई-12 पर्यंत क्रमांक दिलेली फाटके आहेत. कोणत्या बेटाची फेरी, म्हणजे प्रवासी जहाज, कोणत्या फाटकातून सुटते हे साधारण ठरलेले असते. एजिना, पोरोस, हायड्रा या जवळच्या बेटांच्या बोटी ई-8 पाशी लागतात, पारोस-नाक्सोसकडची बरीचशी जहाजे ई-6 आणि ई-7 च्या आसपास असतात, क्रीटची ई-2 आणि ई-3 कडे, तर रोड्स आणि कोस या बेटांची थेट पलीकडच्या टोकाला, ई-1 वर. क्रूझ जहाजांची टर्मिनले याच्या बरोबर विरुद्ध टोकाला, ई-11 आणि ई-12 जवळ आहेत.

आम्हाला कोसला जायचे होते. प्रवास ठरवून देणाऱ्या कंपनीने हाती दिलेल्या कागदावर ‘पिरेअस’ आणि सुटण्याची वेळ एवढेच छापलेले होते. फाटकाचा उल्लेखच नव्हता. मेट्रोतून बाहेर पडलो तेव्हा समोर समुद्र आणि जहाजे दिसली आणि आता पोचलोच, असे वाटले. प्रत्यक्षात आमचे जहाज तेथून दीड-दोन किलोमीटरवर होते, ऊन रणरणत होते आणि दोघांच्या हाती एकेक जड बॅग होती. बंदराच्या आवारात प्रवाशांसाठी मोफत बस फिरते, हे तटरक्षक दलाच्या एका जवानाने हातवारे करून समजावले म्हणून निभावले. ही बस मेट्रो स्थानकासमोरच्या फाटकाच्या आतून सुटते, पण ती भरेपर्यंत थांबते आणि गर्दीच्या वेळी रांगतच जाते, तेव्हा तिचाही वेळ हिशेबात धरावा लागतो. फाटक ऐनवेळी बदलूही शकते. म्हणून निघण्याआधी जहाज कंपनीकडून त्याची खात्री करून घेतलेली बरी.

विमानतळावरून येणाऱ्यांची सोय अलीकडे बरीच सुधारली आहे, आणि लेखात निदान एवढे तरी यायला हवे होते. अथेन्स मेट्रोची निळी मार्गिका ऑक्टोबर 2022 मध्ये पिरेअसपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे विमानतळावरून गाडी न बदलता सुमारे तासाभरात बंदराशी येता येते. शहराच्या मध्यातून हिरव्या मार्गिकेनेही जाता येते. मूळचा 1869 सालचा लोहमार्ग तो हाच, आणि खिसेकापूंसाठी तो तितकाच प्रसिद्ध आहे. मात्र बेटांकडची कित्येक जहाजे सकाळी सात-साडेसातलाच सुटतात, तेव्हा विमानतळावरची पहिली मेट्रो पकडून ती गाठण्याचा बेत करू नये. विमानतळावरून पिरेअसला येणारी एक्स-96 क्रमांकाची बस रात्रभर चालते. तीही नको असेल तर आदली रात्र पिरेअसमध्येच काढावी.

वेळेविषयी इतके बोलण्याचे कारण केवळ गैरसोय हे नाही. या फेऱ्यांवर प्रवासी, मोटारी आणि मालाचे ट्रक बहुधा जहाजाच्या पाठीमागे उघडणाऱ्या एकाच लोखंडी फळीवरून चढतात. या फळीला ग्रीक लोक ‘कातापेल्टिस’ म्हणतात. जहाज हलू लागले तरी ती काही क्षण खालीच असते आणि उशिरा आलेल्या माणसाला ‘एक उडी मारली की झाले’ असा मोह होतो. सप्टेंबर 2023 मध्ये याच बंदरात असा एक तरुण प्रवासी धावत चढला असता जहाजावरच्या माणसांनी त्याला मागे ढकलले आणि तो पाण्यात पडून बुडाला. त्या प्रकरणाने ग्रीस हादरला आणि आठवडाभरातच तेथील जहाजवाहतूक मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. आम्ही चढलो तेव्हा वेळ फार उरला नव्हता, आणि ती बातमी मी परतल्यावर वाचली, हे माझे नशीबच म्हणायचे.

फेरी आणि क्रूझ यांची आपल्या लेखकाने सरमिसळ केली आहे, तीही दुरुस्त व्हावी. क्रूझच्या प्रवाशाला टर्मिनलमध्ये बॅगा सोपवून, तपासणी होऊन, विमानतळासारखे आत जावे लागते; फेरीचा प्रवासी उघड्या धक्क्यावरून चालत जाऊन स्वतःची बॅग बेटाच्या नावाच्या मांडणीवर ठेवतो. क्रूझच्या प्रवाशांवर जुलै 2025 पासून ग्रीसने कर बसवला आहे. तो उन्हाळ्याच्या हंगामात सांतोरिनी व मिकोनोस येथे माणशी 20 युरो आणि इतर बंदरांत 5 युरो आहे. फेरीने जाणाऱ्यास तो लागू नाही. शिवाय क्रूझ तुर्कस्तानातील कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीसमध्ये येणार असेल, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा) पुरत नाही. भारतीय वाचकांसाठी छापलेल्या लेखात ही गोष्ट सुटणे मला समर्थनीय वाटत नाही.

शेवटी वाऱ्याविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस घोंघावतो आणि त्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदराचे अधिकारी जहाजांना सुटण्यास मनाई करतात. हलक्या, वेगवान नौका आधी थांबतात, मोठी जहाजे नंतर. पैसे परत मिळतात किंवा तिकीट पुढच्या फेरीवर बदलून मिळते, परंतु चुकलेले परतीचे विमान कोणी परत देत नाही. म्हणून बेटावरून थेट विमानतळ गाठायचा बेत न करता मध्ये एक मोकळा दिवस ठेवावा, असे आम्हाला कोसमध्ये भेटलेल्या एका वयस्क ग्रीक बाईंनी सांगितले होते. आम्ही तसे केले आणि तो दिवस पिरेअसच्याच झेआ बंदरात लहान नौका पाहण्यात घालवला.

पुढच्या पुरवणीत या लेखाला जोडून फाटकांचा एक साधा नकाशा आणि वरील दुरुस्त्या छापता आल्या, तर या उन्हाळ्यात तिकडे निघालेल्या वाचकांना तो कात्रण करून सोबत नेता येईल.

आपला,
एक नियमित वाचक