गुरुजी, ती वही अजून ग्रामसभेच्या पेटीत आहे

सेवा जोहार, गुरुजी.

निवृत्त होऊन तुम्ही गावी निघालात तेव्हा आमच्या ग्रामसभेची शाल आणि नारळ हात जोडून परत केलेत. राहून गेलेलं बोलणं म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती; तिथं तुमच्या आधीही मास्तर येऊन गेले. वर्गात गोंडी बोलले म्हणून त्यातल्या एकानं मला दाराबाहेर उभं केलं होतं. तुम्ही आलात आणि फळ्यावर मोहाचं झाड काढून विचारलंत, 'याला तुमच्या घरी काय म्हणतात?' देशात जवळपास तीस लाख लोक ही भाषा बोलतात, हे मला तुमच्याकडून कळलं. तोवर मला वाटायचं, आमच्या चार गावांची कुजबुज आहे ती.

वनहक्क कायदा २००६ चा. आमच्याकडे तो 'शेताचे पट्टे मिळतात' एवढाच पोचला होता. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जंगलाचं व्यवस्थापन करण्याचा हक्कच गावाचा आहे, हे तुम्ही कलम वाचून सांगितलंत. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला नेलंत. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. 'मावा नाटे माटे सरकार', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा मी तिथं ऐकली. तिथं बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय होतात, हे कळल्यावर बाबा हळूच म्हणाले, 'आपले म्हातारे असंच बसायचे.'

पण सगळ्यात मोठे आभार त्या वहीचे.

आमच्या जंगलावरच्या दाव्याला पुरावा काय जोडायचा, म्हणून आम्ही हवालदिल होतो. आमच्याकडे कागद कुठला! जाणत्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, देवराई, मसणवटा, जुनी बोडी म्हणजे तळं, कंदमुळांच्या जागा, हाही पुरावाच असतो, असं तुम्ही नियमावरून दाखवलंत. मग माझ्या आजीसमोर मांडी घालून बसलात. ती गोंडीत बोलायची, मी मराठीत सांगायची, आणि तुम्ही त्या वहीत दोन्ही लिहायचात. कुठल्या दगडापाशी पेन, म्हणजे आमचा देव, बसतो, कुठल्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, कुठल्या झाडाखाली तिची सासू मोहा वेचायची. एका जागेचं नाव तुम्ही चुकीचं लिहिलंत म्हणून तिनं तीनदा म्हणवून घेतलं. तुम्ही तीनदा म्हटलंत. शेवटी तिनं अंगठा दिला, तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. मी ते विसरलेले नाही.

'नकाशा जुळत नाही' म्हणून दावा परत आला. गावातली पोरं भडकली. तुम्ही म्हणालात, हद्द पुन्हा चालू या, पण पुढं बायका चालतील. जंगलात रोज त्याच जातात. चार दिवस चाललो. अर्ज मात्र तुम्ही स्वतः कधीच लिहिला नाहीत. 'गावाचा अर्ज गावानंच लिहायचा', म्हणत माझ्या हातात पेन दिलात. किती खाडाखोड केली मी! तुम्हाला एका बसकीत झाला असता. पण मग पुढचा अर्ज लिहायलाही आम्ही तुमचीच वाट बघत बसलो असतो.

आता हक्कपत्र आहे. तेंदूपानांचा भाव ग्रामसभा ठरवते, आणि नवी पानं फुटावीत म्हणून जंगलाला आग लावणं बंद केलंय. हिशेब मी लिहिते, आणि सभेचं इतिवृत्त यंदापासून आधी गोंडीत, मग मराठीत. लिपी देवनागरीच, पण शब्द आमचे. काही शब्द अडले की पेटीतली तुमची वही काढतो.

आजी मागच्या पावसाळ्यात गेली. मोहा पडायला लागला की या, गुरुजी. तिनं तीनदा म्हणवून घेतलेली ती जागा माझी मुलगी तुम्हाला दाखवेल. तिला नाव बरोबर येतं.

तुमची विद्यार्थिनी