वॉरंटी आणि नवा सायलेन्सर

महोदय,

नव्या पिकअपला कंपनीबाहेरचा सायलेन्सर बसवला की वॉरंटी गेलीच, असा समज आहे. प्रश्न खरे तर पाइप कुठून बदलला याचा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या) मागचा भाग बदलला, तर धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरना धक्का लागत नाही आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या दाव्याशी त्याचा संबंध जोडणे कंपनीला अवघड जाते. बदललेल्या भागावर मात्र वॉरंटी मागू नये. कन्व्हर्टर किंवा डिझेल गाडीतला डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) काढणे हा वेगळाच प्रकार. त्यात वॉरंटीसोबत प्रदूषण नियमांचाही भंग होतो.

नटबोल्टवर बसणारा संच घ्या. मूळ पाइप कापू नका, जपून ठेवा. वेल्डिंग टाळता येत नसेल, तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जळू शकतो. जोडणी पुढून मागे करा आणि सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा. पाइप स्पेअर चाक, ब्रेक लाइन आणि इंधन टाकीपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर आहे हे पाहूनच आवळा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. ते बहुतेक जण विसरतात. सेन्सरच्या जवळ, पुढच्या बाजूला गळती राहिली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचे मोजतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग दोष सायलेन्सरवर येतो, असतो तो गॅस्केटचा.

हायवेच्या वेगाला केबिनमध्ये घुमणारा आवाज ही तक्रार कोणतीही वॉरंटी ऐकत नाही. विकत घेण्यापूर्वी तो ऐकून घ्यावा.

– एक वाचक