मॅडम, तुम्ही फॉर्म भरून दिला नाहीत याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

हे पत्र उघड लिहितोय. पेढे घेऊन घरी आलो असतो तर "अहो, यात माझं काय," म्हणून तुम्ही दोन मिनिटांत विषय संपवला असता. शिवाय आमच्यासारखे पुष्कळ पालक सध्या पोरांच्या मास्टर्सच्या प्रवेशामागे धावतायत. त्यांच्याही नजरेखालून हे जावं.

आमची कन्या तुमच्या हाताखाली स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि मास्टर्स परदेशात करायचं म्हणाली. माझं सदाशिव पेठेत बाइंडिंगचं दुकान. लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध शिवतो, रेक्झिन चढवतो, पाठीवर सोनेरी अक्षरं उठवतो; पण त्या पदवीपर्यंत जायला आधी काय काय लागतं याची मला गंधवार्ता नव्हती. म्हणून डेक्कनवरच्या एका कन्सल्टन्सीत गेलो. तिथल्या साहेबांनी मार्कशीट उलटी-सुलटी करून निकाल दिला: "तीन वर्षांची डिग्री बाहेर चालत नाही. आधी इथं एक डिप्लोमा करा, तोही आमच्या पॅकेजमध्ये बसवून देतो."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "कुठल्या विद्यापीठात चालत नाही?"

आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. मग तुम्ही कन्येला शेजारी बसवून अटी वाचायला लावल्यात, आणि मीही ऐकत बसलो. अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांचं, आपलं दहा अधिक दोन अधिक तीन. त्यामुळे काही विद्यापीठं सरळ नाही म्हणतात, काही घेतात, काही अर्ज बघून ठरवतात. हे प्रत्येकाच्या पानावर लिहिलेलं असतं, फक्त पानं दोन असतात. एक ग्रॅज्युएट स्कूलचं: पदवी हवी, जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, चारपैकी साधारण तीन हवी, इंग्रजीची परीक्षा हवी. दुसरं विभागाचं, आणि खरी मेख तिथं. कॅल्क्युलस किती, लिनिअर अल्जिब्रा झालंय का, जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा हवी की ऐच्छिक, हे सगळं विभाग ठरवतो. पहिल्या पानावरची अट पुरी झाली म्हणजे अर्ज विचारात घेतील एवढंच. जागा मिळेल असं नाही. कन्सल्टन्सीच्या गुळगुळीत ब्रोशरमध्ये या दुसऱ्या पानाचा उल्लेखही नव्हता.

जर्मनीचं प्रकरण तर मला आजही तोंडपाठ आहे. तिकडचं बॅचलर्स बहुधा तीनच वर्षांचं असतं, त्यामुळे वर्षांवरून वाद कमी. मात्र मार्क उलटे! 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर सूत्र मांडलंत: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंगमधल्या फरकानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. कन्येचे दहापैकी 7.2, पासिंगला 4. उत्तर आलं 2.4. तिला हव्या असलेल्या एका कोर्सची मर्यादा 2.5 होती. आकडा लहान आला म्हणून आमच्या घरात आनंद झाल्याची ही पहिलीच वेळ.

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत. ते लोक नुसता आकडा बघत नाहीत, कुठल्या विषयाचं किती शिकलात ते मोजतात. त्यांच्याकडे वर्षाला 60 आणि तीन वर्षांच्या पदवीला 180 श्रेयांक (क्रेडिट), एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचं काम. आपले श्रेयांक वेगळ्या हिशेबाचे. त्यात आपल्या पेपरांची नावं अशी की बाहेरच्याला काडीचा बोध होऊ नये. "गणित पेपर एक" या नावाच्या पोटात लिनिअर अल्जिब्रा आहे हे बर्लिनमधल्या माणसाला कसं कळणार? तुम्ही कन्येला सांगितलंत की डावीकडे त्यांची मागणी लिही, उजवीकडे आपला पेपर, त्यातलं नेमकं प्रकरण आणि शिकवलेले तास. विद्यापीठाचा अभ्यासक्रम डाउनलोड करून ती आठवडाभर त्यात बुडाली होती. तो तक्ता तुम्ही दोनदा परत केलात. एकदा तर एकाच प्रकरणाचे तास तिनं दोन विषयांत धरले होते म्हणून. तेव्हा ती घरी येऊन चिडली होती, हेही सांगून टाकतो.

(एवढं काम झाल्यावर मला वाटलं, निदान याचं बाइंडिंग तरी माझ्याकडे येईल. कसलं काय, सगळं पीडीएफ!)

आता शिफारसपत्राबद्दल. "लिहून आण, मी सही करतो" हा आपल्याकडचा सर्रास रिवाज. कन्सल्टन्सीवाले त्याच्याही पुढचे: प्राध्यापकांच्या नावानं जीमेल उघडून पत्र स्वतःच चढवून देऊ म्हणाले. तुम्ही नमुना पत्र बाजूला सारलंत आणि पत्र चढवायची लिंक विद्यापीठाकडून तुमच्या कॉलेजच्या ईमेलवर मागवलीत. काय लिहिलंत ते आम्ही पाहिलं नाही. पाहायचंही नसतं, असं तुम्हीच म्हणालात. फक्त लिहिण्याआधी तुम्ही तिला मार्केट यार्डातल्या कांद्याच्या भावांवरच्या प्रकल्पाबद्दल खोदून खोदून विचारलंत. तिनं आधी धरलेलं अनुमान आकड्यांत टिकलं नव्हतं आणि तिनं तसंच लिहून दिलं होतं, ते तुमच्या लक्षात होतं. "हुशार आहे, मेहनती आहे" सगळेच लिहितात, वाचणारा ते वाचत नाही, असं तुमचं म्हणणं.

पैशांचंही तुम्ही आधीच सांगितलंत. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो वेगळ्या खात्यात अडकवून दाखवावे लागतात, आणि त्याआधी दिल्लीहून एपीएसचं, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र आणावं लागतं. ऐकून माझा चेहरा उतरला असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात की आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम परीक्षा आणि आपल्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, दोन्हीचे फॉर्म भरून ठेवा. ते भरले म्हणून पुढचे सगळे महिने मला रात्री झोप लागली.

तीन ठिकाणांहून नकार आले. चौथ्या ठिकाणी, त्या 2.5 वाल्या कोर्सला, प्रवेश मिळाला. बँकेच्या चकरा आता सुरू आहेत, त्या माझ्या मी बघतो.

मॅडम, तुम्ही मनात आणलं असतं तर सगळे अर्ज दोन संध्याकाळींत भरून दिले असते. तुम्ही ते पोरीकडून करवून घेतलंत, चुका दाखवल्यात आणि परत पाठवलंत. परवा ती मैत्रिणीला फोनवर एका विद्यापीठाच्या अटी समजावून देत होती. मी आत रेक्झिन कापत ऐकत होतो. "आधी विभागाचं पान उघड," म्हणाली, अगदी तुमच्या आवाजात.

आणखी एक. आमच्या वाड्यातला एक मुलगा यंदा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे त्याला चौथं वर्ष करायची सोय आहे. ते करावं की तीन वर्षांवर बाहेर पडावं, हे त्याला तुम्हाला विचारायचंय. विद्यापीठं निवडून, त्यांच्या अटी छापून घेतल्याशिवाय तुमच्याकडे जायचं नाही, अशी तंबी त्याला दिली आहे. कामाला लागलाय. चालत असेल तर येत्या शनिवारी दुपारी पाठवतो.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
तुमच्या विद्यार्थिनीचा बाबा
सदाशिव पेठ, पुणे 30