ताई, तुम्ही आधी विचारलंत

प्रिय ताई,

आपण समोरासमोर कधी भेटलो नाही. वाचकांच्या ग्रुपच्या तुम्ही ॲडमिन आणि मी त्यातली एक सभासद, एवढीच ओळख. हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण घरातून काहीतरी करून विकणाऱ्या कितीतरी जणी आज तिथेच उभ्या आहेत जिथे दोन वर्षांपूर्वी मी होते, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे. तुम्हाला विचारूनच. नाव नको म्हणालात, म्हणून नाव लिहीत नाही.

त्या सकाळी माझ्या टेबलावर साठ वह्या रचून ठेवलेल्या होत्या. जुजबंदीच्या, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवून बांधलेल्या, प्रत्येक वहीचा प्रत्येक टाका हाताने घातलेला. दाभणाने बोटं सोलवटलेली, दोऱ्याला लावायचं मेण नखांत अडकलेलं. इतकं सगळं केल्यावर ते लोकांना दिसलंच पाहिजे, या एकाच घाईने मी जाहिरात तयार केली आणि फोनमधल्या एकेका ग्रुपवर टाकत सुटले. व्हॉट्सॲप एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करू देतं. म्हणून पाच झाले की पुढचे पाच. निरोप असे सरसकट पसरू नयेत म्हणून ती मर्यादा आहे, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

कुठल्या ग्रुपवर काय बोलणं चाललंय, हे मी उघडून पाहिलं नव्हतं. आपल्या ग्रुपवर एका सभासदाने पहाटे आई गेल्याचं कळवलं होतं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'काळजी घ्या'. आणि त्याच्या लगेच खाली माझा निरोप: 'धमाका! साठच वह्या! आजच मागवा!' सोबत रंगीत फुगे.

तुम्ही तो निरोप काढून टाकलात. ग्रुपवर एक अक्षर बोलला नाहीत. मला वेगळं लिहिलंत: 'तुमच्या वह्यांबद्दल थोडं बोलायचं होतं. आत्ता वेळ आहे का, की संध्याकाळी फोन करू?' मी संध्याकाळ म्हटलं, आणि तुम्ही संध्याकाळीच केलात. चूक माझी होती, तरी ती सांगायलासुद्धा तुम्ही आधी वेळ विचारून घेतलीत. नंतर तुम्ही जे काही शिकवलंत, ते सगळं या एका वाक्यात आधीच होतं, असं मला आता वाटतं.

फोनवर पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो वहीच्या पाठीला मी कोणता दोरा वापरते याचा. मग कागदाचा, खळीचा, पुठ्ठ्याचा. दहा मिनिटांनी सकाळचा विषय काढलात आणि काय घडलं होतं ते सांगितलंत. मला रडू आलं. तुम्ही थांबलात, आणि म्हणालात, 'त्यांची माफी मागा. वेगळ्या निरोपात. आणि त्यात वह्यांचा शब्दही नको.' मी तसंच केलं. त्यांनी समजून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा.

मी विचारलं होतं, 'पण ताई, मग लोकांना कळणार कसं?' तेव्हा तुम्ही 1978 ची गोष्ट सांगितलीत. 3 मे 1978 ला गॅरी थर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावरच्या जवळपास चारशे जणांना एकदम पाठवली. त्यातल्या कुणीही ती मागितली नव्हती. इंटरनेटच्या इतिहासात नको असलेल्या जाहिरातीची, म्हणजे स्पॅमची, सुरुवात याच निरोपापासून धरतात. लोक चिडले, तक्रारी झाल्या. पण त्यातून विक्रीही झाली, असं थर्क पुढे सांगत राहिले, हेही तुम्ही लपवलं नाहीत. म्हणालात, 'गिऱ्हाईक मिळतं कधीकधी असंही. पण ज्यांनी तुम्हाला म्यूट केलं, त्यांची मोजदाद कुठेच होत नाही. ते कळवत नाहीत, नुसते जातात.'

त्या रात्री मी आठवून पाहिलं, मी स्वतः किती जणांना म्यूट करून ठेवलं आहे. त्यातल्या एकालाही मी तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एक वेगळी वही घातली. तीत ज्यांनी 'नवीन काही केलं तर कळवा' असं स्वतःहून म्हटलं, त्यांचीच नावं. कधी म्हटलं ती तारीख, आणि काय बघायचं आहे तेही. पहिल्या पानावर अकरा नावं होती. साठ वह्या आणि अकरा नावं! मन खट्टू झालं, हे खरं. पण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचं, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीचं, तुम्ही जे समजावलंत त्याने धीर आला. त्या यादीत 256 जण घालता येतात, पण निरोप पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच. म्हणजे कुणीतरी आपलं नाव टाईप करून ठेवायला हवं. मी त्या अकरा जणांना एवढंच लिहिलं: 'नवीन वह्या झाल्या की महिन्यातून एकदा फोटो पाठवेन. हवे असतील तर माझा नंबर सेव्ह करा. नको वाटलं की फक्त "नको" लिहा, मी नाव काढेन.' नऊ जणांनी सेव्ह केला. एकाने 'नको' लिहिलं. त्याला 'बरं, कळवल्याबद्दल आभार' म्हटलं आणि नाव खोडलं. त्याला का, कशासाठी, परत विचार करा, असलं काही विचारलं नाही. हे मात्र मला जड गेलं होतं.

ईमेलचाही घोळ होताच. एकदा चाळीस जणांचे पत्ते मी एकाच रांगेत टाकून पाठवले आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले. कुणीतरी सगळ्यांनाच उत्तर दिलं, मग त्या उत्तराला उत्तरं. तुम्ही बीसीसी, म्हणजे पत्ते एकमेकांना न दिसता मेल पाठवायची सोय, कशी वापरायची ते दाखवलंत, पण लगेच म्हणालात की पत्ते झाकले म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. 2024 पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय सक्तीची केली आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या खालीच राहिल्या पाहिजेत. माझी यादी त्यापुढे चिमूटभर. तरी माझ्या प्रत्येक मेलच्या शेवटी बाहेर पडायचं एक वाक्य असतं, आणि ते बारीक अक्षरात नसतं.

ग्रुपबद्दल तुम्ही म्हणालात ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: 'दुसऱ्याच्या अंगणात दुकान मांडायचं तर आधी घरधन्याला विचारा.' आता मी कुठल्याही ग्रुपवर काही टाकायच्या आधी ॲडमिनला विचारते. बरेच जण नाही म्हणतात. काही जण महिन्यातला एक दिवस ठरवून देतात. मग त्या दिवशी एकच निरोप, एकच फोटो, आणि आधी वरचं बोलणं वाचून घेते. बाकीचे दिवस मी ग्रुपवर असते ती सभासद म्हणून. कुणी विचारलं की जुन्या पुस्तकाची पाठ सुटली आहे, काय करू, तर खळ कशी लावायची, वजन ठेवून रात्रभर कसं दाबायचं ते सांगते, आणि तिथेच थांबते. सुरुवातीला थांबणं फार कठीण जायचं. 'मी वह्याही बनवते' हे बोटांच्या टोकाशी आलेलं असायचं.

ज्यांना बघायचं आहे त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपवर कॅटलॉग आहे, स्टेटस आहे. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, कुणाला काही पुसावं लागत नाही. त्यात मी तयार वहीपेक्षा अर्धी शिवलेली वही जास्त दाखवते. लोक त्यावरच विचारतात.

विक्री हळू वाढली. पहिले काही आठवडे तर काहीच हललं नाही, आणि दोनदा मी फुग्यांची जाहिरात पुन्हा उघडली होती. तेव्हा तुम्हालाच फोन केला. तुम्ही उपदेश केला नाहीत, पुढची वही कशी चालली आहे एवढंच विचारलंत. आज माझ्या नावांच्या वहीची सातवं पान चालू आहे, आणि त्यातली बरीच नावं आधीच्या कुणीतरी सांगून आलेली आहेत. ज्या सभासदाची मी माफी मागितली होती, त्यांनी मागच्या वर्षी आईच्या हस्ताक्षरातले सुटे कागद माझ्याकडे बांधायला दिले. ते काम करताना माझा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला.

ताई, त्या पहिल्या फोनवर तुम्ही सहज म्हणाला होतात की तुम्हाला बिनरेघांची वही लागते आणि ती पूर्ण सपाट उघडायला हवी, नाहीतर डावं पान लिहिताना हात अडखळतो. तशी एक बांधून ठेवली आहे. दोरा तोच, ज्याबद्दल तुम्ही विचारलं होतंत. ही विकायची नाही.

पाठवू का?

तुमची,
वह्या बांधणारी